नागपूरच्या उन्हाळ्यात द्रव आणि वायूंचे भौतिकशास्त्र घरीच कसे तपासावे

पाठ्यपुस्तकांत द्रव आणि वायू या दोहोंसाठी मिळून ‘द्रायू’ असा एक शब्द दिलेला असतो. परीक्षा संपली की तो शब्द मागे पडतो, पण तो ज्यांचे नाव आहे त्या गोष्टी घरात सकाळपासून रात्रीपर्यंत वाहतच असतात. नळाचे पाणी, पातेल्यातून ओतलेला चहा, देवघरातल्या उदबत्तीचा धूर आणि एप्रिलपासून अखंड घरघरणारा कूलर, या सर्वांचे नियम एकच आहेत. ते तपासण्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. मेमधील नागपूर शहर तर या अभ्यासासाठी विशेष सोयीचे आहे, कारण येथे फरक मोठे असतात आणि ते साध्या उपकरणांनीही मोजता येतात.

पुढे जे काही करून पाहण्यास सुचवले आहे, त्यात सर्वत्र दोन प्रश्न विचारावेत. वाहणाऱ्या गोष्टीला ढकलणारा फरक कोणता, आणि तिला अडवते काय? हे दोन प्रश्न नीट विचारले, तर कूलर हवा देत नाही किंवा चहा पातेल्याच्या बुडाशी ओघळतो अशा तक्रारींची उत्तरे बहुतेक वेळा आपली आपणच सापडतात.

साहित्य थोडेच लागेल. भिंतीवर टांगण्याचे दोन तापमापक, जुन्या धोतराचा किंवा मलमलीचा लहान तुकडा, दोन-तीन मीटर पारदर्शक प्लास्टिकची नळी, उदबत्ती, एक पट्टी, काचेचा पसरट वाडगा आणि चमचाभर चहापत्ती. ताप मोजण्याचा तापमापक येथे चालणार नाही, कारण त्याची पट्टी साधारण 42 अंशांवर संपते आणि आपल्या दुपारी त्याहून पुढे जातात.

कूलर नेमका किती काम करतो, ते मोजणे

प्रथम घराबाहेरच्या सावलीत, जेथून कूलर हवा ओढतो तेथे, दोन्ही तापमापक शेजारी शेजारी टांगावेत. त्यांपैकी एकाच्या फुग्याभोवती मलमलीचा तुकडा गुंडाळून तो पाण्याने भिजवावा आणि दोहोंवर हाताने किंवा लहान पंख्याने वारा घालावा. पाच-सात मिनिटांत ओल्या तापमापकाचा पारा खाली उतरतो आणि एका ठिकाणी थांबतो. कापड मध्येच वाळू देऊ नये, नाहीतर आकडा चुकतो. मेमधील दुपारी कोरडा तापमापक 44 अंश दाखवत असेल आणि हवेची आर्द्रता 15 टक्क्यांच्या आसपास असेल, तर ओला तापमापक 23 अंशांजवळ स्थिरावतो. एकाच सावलीत, एकाच हवेत, केवळ ओल्या चिंधीमुळे 21 अंशांचा फरक पडतो. ज्याने हे स्वतः पाहिले नाही त्याला ते सांगून पटत नाही, म्हणून हा प्रयोग लहान मुलांना सोबत घेऊनच करावा असे मला वाटते.

हे का घडते? 44 अंशांची हवा दर घनमीटरमागे साठ ग्रॅमहून थोडी अधिक वाफ सामावून घेऊ शकते, पण 15 टक्के आर्द्रतेच्या वेळी तिच्यात जेमतेम नऊ ग्रॅम असते. ओल्या कापडालगतची हवा वाफेने भरलेली आणि बाहेरची हवा रिकामी, हा तो ढकलणारा फरक आहे. पाणी वाफ होऊन निघून जाते तेव्हा एका ग्रॅममागे सुमारे 2.4 किलोज्यूल उष्णता लागते आणि ती आजूबाजूच्या हवेतून व खुद्द पाण्यातून घेतली जाते. एक घनमीटर हवेत एक ग्रॅम पाणी विरले की त्या हवेचे तापमान साधारण 2.2 अंशांनी उतरते. माठातील पाणी थंड होते ते याच हिशेबाने: मातीच्या बारीक छिद्रांतून पाणी झिरपते आणि बाहेर येऊन उडून जाते. म्हणूनच माठ कोंदट कोपऱ्यात न ठेवता वाऱ्याच्या वाटेवर ठेवावा, आणि शोभेसाठी त्याला बाहेरून रंग देऊ नये. मात्र माठ असो वा कूलर, या रीतीने ओल्या तापमापकाच्या आकड्याखाली कोणालाच जाता येत नाही. तो आकडा म्हणजे त्या दुपारची तळरेषा होय.

आता कोरडा तापमापक कूलरच्या झोतात धरावा. बाहेरच्या तापमानातून झोताचे तापमान वजा करावे आणि येणाऱ्या आकड्याला कोरड्या-ओल्याच्या फरकाने भागावे. बाहेर 44, ओला 23 आणि झोत 28 असेल, तर 16 भागिले 21, म्हणजे सुमारे 0.76 येते. तीन चतुर्थांशाच्या आसपासचे हे उत्तर समाधानकारक मानावे. ते निम्म्यावर आले असेल, तर दोष हवामानाचा नसून ताट्यांचा असतो. पंप चालू ठेवून प्रत्येक ताटीवरून दृष्टी फिरवावी. वरच्या पन्हाळीची छिद्रे बुजली असतील तर गवतावर कोरडे पट्टे दिसतात. गवत खाली बसले असेल तर वरच्या कडेला फट पडलेली असते, आणि हवा नेहमी कमी अडथळ्याची वाट धरते. ती ओल्या गवतातून वाकडीतिकडी जाण्याऐवजी त्या फटीतून सरळ आत येते व तापलेलीच घरात शिरते. वाळ्याची ताटी सुगंधामुळे आवडते हे खरे, पण गार हवेसाठी ती सर्वत्र सारखी भरलेली आणि सर्वत्र ओली असणे हे वासापेक्षा महत्त्वाचे आहे. ताट्यांना हात लावण्यापूर्वी कूलरची पिन सॉकेटमधून काढून ठेवावी. केवळ बटण बंद करून भागत नाही. लोखंडी कूलर, ओली फरशी आणि अनवाणी पाय हे एकत्र आले की धोका फार मोठा असतो.

अनेक घरांत पाहुणे आले की टाकीत बर्फ टाकतात. त्याचा हिशेब एकदा मांडून पाहण्यासारखा आहे. तासाला 3000 घनमीटर हवा फेकणारा कूलर ती हवा 15 अंशांनी उतरवत असेल, तर त्यासाठी तासाला साधारण वीस लिटर पाणी उडून जावे लागते. भरलेली टाकी मध्यरात्रीपर्यंत तळाला का जाते, हेही त्यातून कळते. याउलट दोन किलो बर्फ वितळून त्याचे पाणी टाकीतल्या पाण्याइतके कोमट होईपर्यंत जेवढी उष्णता शोषतो, तेवढी उष्णता तो कूलर बाष्पीभवनाने सुमारे एका मिनिटात शोषत असतो. बर्फाने हात लावताना पाणी गार लागते, खोलीला मात्र फरक पडत नाही. तो बर्फ सरबतात घालावा हे बरे.

टाकीतल्या पाण्यालाही एकदा हात लावून पाहावा. दुपारी तीन वाजता गच्चीवरच्या टाकीचे पाणी नळातून चटके देत येते, तर बाल्कनीत त्याच उन्हाच्या झळांत चालू असलेल्या कूलरचे पाणी हाताला गार लागते. ताट्यांवरून पुन्हा पुन्हा फिरून ते पाणी ओल्या तापमापकाच्या आकड्याजवळ आलेले असते.

खिडकी उघडी का हवी

कूलर लावून दारे-खिडक्या बंद करून घेण्याची सवय वातानुकूलन यंत्रामुळे वाढली आहे, आणि कूलरविषयीच्या तक्रारींपैकी मोठा भाग तिच्यातून येतो. कूलर बाहेरची हवा आत ढकलतो. जेवढी हवा आत यायची तेवढी बाहेर गेली पाहिजे, नाहीतर खोलीतला दाब किंचित वाढतो आणि पंख्याला त्या दाबाविरुद्ध ढकलावे लागते. झोत मंदावतो, आलेली वाफ खोलीतच साठते आणि घाम वाळेनासा होतो.

ते तपासण्यासाठी समोरच्या भिंतीची खिडकी चार-सहा बोटे उघडावी आणि तिच्यापासून वीतभर अंतरावर पेटती उदबत्ती धरावी. धूर सरळ बाहेर ओढला गेला तर वाट मोकळी आहे असे समजावे. तो घुटमळत असेल तर खिडकी आणखी उघडावी, किंवा दुसरे एखादे दार कूलरच्या हवेला अधिक सोपी वाट देत आहे का ते पाहावे. त्यानंतर खिडकी बंद करून अर्धा तास थांबावे आणि खोलीत कोरडा व ओला असे दोन्ही तापमापक पुन्हा वाचावेत. दोहोंतला फरक कमी झालेला दिसतो, आणि तो जितका कमी तितकी अंगाची चिकचिक अधिक. आपले शरीरही याच फरकावर थंड होत असते. ज्या खोलीत झोपायचे असेल त्या खोलीतली कूलरच्या समोरची खिडकी उघडावी आणि बाकीच्या लावून घ्याव्यात, म्हणजे गार हवा आपल्या अंगावरून जाऊनच बाहेर पडते.

उदबत्ती हातात आहेच, तर पंखा व कूलर बंद करून, खोलीतली हवा शांत असताना तिचा धूर एक मिनिट नुसता पाहावा. सुरुवातीला तो दोऱ्यासारखा सरळ वर जातो आणि काही अंतरावर अचानक विस्कटून भोवरे घेऊ लागतो. तापलेली हवा वर चढताना तिचा वेग आणि झोताची रुंदी वाढते आणि हवेची चिकटता तिला रांगेत ठेवण्यास अपुरी पडते. ऑसबर्न रेनॉल्ड्स यांनी 1883 मध्ये काचेच्या नळीतील पाण्यात रंगाची धार सोडून हाच बदल पाहिला होता, आणि शांत प्रवाह केव्हा विस्कटेल हे सांगणारी संख्या आजही त्यांच्या नावाने ओळखली जाते.

जुलैमध्ये हे सर्व पालटते. तापमान 31 अंश आणि आर्द्रता 85 टक्के असेल, तर ओला तापमापक 29 अंशांच्या जवळ थांबतो. जेथे मेमध्ये 21 अंशांचा फरक होता तेथे दोन अंश उरतात, आणि कितीही उत्तम ताटी लावली तरी नसलेला फरक निर्माण करता येत नाही. पावसाळा स्थिरावला की कूलरचा पंप बंद करून नुसता पंखा चालवावा.

टाकी रिकामी करण्याची रीत

पाणी उडून जाते, पण त्यातले क्षार उडत नाहीत. रोज नवे पाणी घालत गेल्याने टाकीतला क्षारांचा अंश वाढतच जातो आणि ताट्यांवर पांढरा थर बसतो, जो पुढे हवेची वाट अडवतो. शिवाय साचलेल्या पाण्यात डेंग्यूचे डास अंडी घालतात. या दोन्ही कारणांनी आठवड्यातून एकदा टाकी पूर्ण रिकामी करणे आवश्यक आहे. खालचे बूच गंजून बसले असेल तर बादली-मग घेऊन कंबर मोडण्याऐवजी नळी वापरावी.

नळी पूर्ण पाण्यात बुडवून तिच्यातली हवा जाऊ द्यावी. पारदर्शक नळी घेण्याचे कारण हेच, की अडकलेला बुडबुडा दिसतो. एक टोक अंगठ्याने घट्ट दाबावे, दुसरे टोक टाकीच्या तळाशी राहील याची खात्री करावी, दाबलेले टोक काठावरून बाहेर काढून खाली अंगणात किंवा बादलीत न्यावे आणि मग अंगठा काढावा. तोंडाने ओढून धार सुरू करू नये, कारण ते पाणी तोंडात जाण्याच्या लायकीचे नसते.

येथे एक गैरसमज फार पसरलेला आहे. बाहेरचे टोक टाकीच्या काठापेक्षा खाली असले की पुरे, असे अनेकांना वाटते. वास्तविक ते टाकीतल्या पाण्याच्या पातळीपेक्षा खाली असावे लागते. बाहेरचे टोक हळूहळू वर उचलून पाहावे: धार मंदावत जाते आणि टोक पाण्याच्या पातळीशी आले की थांबते. पाणी काठावर चढते ते टाकीतल्या पाण्यावर बसलेल्या हवेच्या दाबामुळे, आणि पुढे वाहत राहते ते बाहेरच्या लांब भागातील पाणी अधिक जड असल्यामुळे. मधल्या भागात हवा शिरली की ही साखळी तुटते. समुद्रसपाटीवर हवेचा दाब पाण्याला सुमारे दहा मीटरच चढवू शकतो, पण कूलरच्या काठाला दोन-अडीच फुटांपेक्षा जास्त चढ नसतो, त्यामुळे ती मर्यादा आपल्या आड येत नाही.

धारेचा वेग पातळ्यांमधील उंचीच्या वर्गमुळावर अवलंबून असतो. हा नियम टोरिचेल्ली यांनी 1644 मध्ये मांडला. घर्षण नसते तर एक मीटर उंचीला सेकंदाला 4.4 मीटर वेग मिळाला असता. अर्ध्या इंची नळीच्या आतल्या भिंती त्यातला निम्म्याहून अधिक खाऊन टाकतात, तरीही साठ लिटरची टाकी साधारण पाच-सात मिनिटांत उतरते. घाई असेल तर उंची वाढवण्याच्या खटपटीपेक्षा नळी जाड घ्यावी. दुप्पट व्यासाच्या नळीचे तोंड चौपट मोठे असते आणि तिच्यात घर्षणाचा वाटाही घटतो, त्यामुळे पाणी चौपटीहून अधिक वेगाने निघते.

नळाची धार

नळ येण्याच्या वेळी हे दोन मिनिटांत पाहून घ्यावे. नळ थोडाच सोडला की धार वरती जाड आणि खाली बारीक होत जाते. पडताना पाण्याचा वेग वाढतो, पण प्रत्येक उंचीवरून दर सेकंदाला तेवढेच पाणी जायचे असते, म्हणून धारेला बारीक व्हावे लागते. तोंडाशी सेकंदाला अर्धा मीटर वेग असेल, तर 30 सेंटिमीटर खाली तो जवळपास अडीच मीटर होतो आणि एक सेंटिमीटर जाडीची धार साडेचार मिलिमीटरवर येते. पट्टी धरून मोजावे. तीच धार सिंकच्या सपाट तळावर पडते तेथे मध्ये पातळ, चकचकीत वर्तुळ आणि त्याभोवती पाण्याचा उंच कठडा दिसतो. आतल्या वर्तुळात पाणी त्याच्यावरच्या तरंगांपेक्षा वेगाने धावते, कठड्याबाहेर ते तरंगांपेक्षा संथ होते. आगपेटीची काडी आत धरली तर तिच्यामागे पाचरीसारखी रेघ उमटते, बाहेर धरली तर तरंग तिच्यापुढेही पसरतात.

चहा ओघळू नये म्हणून

पातेल्यातून कपात चहा ओतताना तो कपात न पडता पातेल्याच्या बाहेरच्या अंगाने खाली ओघळतो, हा अनुभव घराघरांतला आहे. 1956 मध्ये मार्कुस राइनर यांनी या प्रश्नाकडे शास्त्रज्ञांचे लक्ष वेधले आणि पुढच्याच वर्षी जोसेफ केलर यांनी त्याचे मुख्य कारण दाखवले. कडेवरून वळताना पातेल्याला लागून असलेला थर अधिक वेगाने जातो आणि त्यातला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतो, त्यामुळे हवाच धारेला पातेल्याकडे दाबून धरते. चहा धातूला ओला करतो, ही गोष्ट त्याला साथ देते. 2021 मध्ये व्हिएन्नातील संशोधकांनी दाखवले की कडेच्या खालच्या अंगाला एक लहानसा थेंब नेहमी चिकटून राहतो, आणि ओतण्याचा वेग ठराविक मर्यादेखाली गेला की हा थेंब सगळ्या धारेलाच आपल्या बाजूला वळवून घेतो.

त्यावरून उपाय ठरतात. सावकाश, जपून ओतणे ही सर्वांत वाईट रीत आहे. सांडशी घट्ट धरून पातेले एकदम तिरपे करावे, म्हणजे धार वेगाने सुटते, आणि शेवटीही हळूहळू न थांबता झटकन सरळ करावे. पातेले काठोकाठ भरलेले असेल तर त्यातला थोडा चहा आधी पळीने काढून घ्यावा, कारण भरलेले पातेले एकदम तिरपे करता येत नाही. नवे पातेले घेताना बाहेर गोल वळवलेल्या जाड कडेपेक्षा पातळ, धारदार कडेचे किंवा चोच काढलेले घ्यावे. ओतण्याच्या जागी कडेच्या खालून तुपाचे बोट फिरवले तर चहा धातूला सहज ओला करू शकत नाही आणि ओघळ बराच कमी होतो. तूप न लावता एकदा आणि लावून एकदा, असे साध्या पाण्याने करून पाहिले तर फरक स्पष्ट दिसतो.

वाडग्यातली चहापत्ती आणि नदीचे वळण

काचेच्या वाडग्यात पाणी घेऊन त्यात भिजलेली, तळाला बसलेली चहापत्ती टाकावी, चमच्याने पाणी गोल फिरवावे आणि चमचा काढून घ्यावा. फिरणाऱ्या वस्तू बाहेर फेकल्या जातात असे आपण शिकलेलो असतो, म्हणून पत्ती काठाशी जाईल अशी अपेक्षा असते. ती मात्र तळाशी, बरोबर मध्यभागी गोळा होते.

पाणी फिरत असताना ते काठाशी थोडे उंच आणि मध्ये थोडे खोलगट असते. त्यामुळे काठाकडे दाब जास्त आणि मध्ये कमी असतो. वरच्या पाण्यात हा दाब आणि फिरण्याचा बाहेरचा ओढा एकमेकांना तोलून धरतात. तळाला लागून असलेले पाणी मात्र घर्षणाने मंदावते, त्याचा बाहेरचा ओढा घटतो, पण वरून आलेला दाबाचा फरक तेवढाच राहतो. म्हणून तळाचे पाणी काठाकडून मध्याकडे सरकते, मध्यावरून वर चढते आणि वरून पुन्हा काठाकडे जाते. पत्ती जड असल्याने वर चढू शकत नाही व मध्येच राहते. पाण्यात शाईचा एक थेंब तळाशी हळूच सोडला तर ही फेरी डोळ्यांनी दिसते.

आइन्स्टाइन यांनी 1926 मध्ये हाच चहाचा दाखला घेऊन नद्या नागमोडी का होतात ते समजावले. वळणावर नदीचे पाणीही वाडग्यासारखेच फिरत असते. वरचे वेगवान पाणी बाहेरच्या काठावर आदळून तो कापते, तळाचे संथ पाणी गाळ आणि वाळू आतल्या काठाकडे आणून टाकते, आणि वळण वर्षानुवर्षे वाढत जाते. हिवाळ्यात पाणी उतरल्यावर कन्हान नदीच्या एखाद्या वळणावर जावे. एका अंगाला तुटलेली, उभी दरड आणि समोरच्या अंगाला उतरती, पसरलेली वाळू दिसेल. उभ्या दरडीच्या टोकाशी जाऊ नये, कारण ती खालून पोखरलेली असू शकते. वाळूच्या बाजूने पाण्याजवळ जाऊन मूठभर वाळू घ्यावी, मग काठावर थोडे वर चढून आणखी एक मूठ घ्यावी, आणि दोन्हींतले कण पांढऱ्या कागदावर शेजारी शेजारी पसरून पाहावेत. जेथे पुराचे पाणी वेगाने गेले तेथे भरड कण राहतात, जेथे ते संथ झाले तेथे बारीक.